जुनी मस्टँग घ्यायला जाताय? मग आधी पाण्याची बाटली घ्या

दर एप्रिल-मेमध्ये ओळखीतलं कोणीतरी विचारतंच की अगं तुझ्यासारखी ती फोर्डची जुनी मस्टँग गाडी घ्यायचीय, काय बघायचं, कुठली घ्यायची. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगून आता घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी अमेरिकेत, न्यू जर्सीत राहते, मेकॅनिक नाही. माझ्या बाबांचं कोल्हापुरात उद्यमनगरला लेथचं छोटं वर्कशॉप होतं, त्यामुळे ग्रीसचा वास नाकात बसलेला आहे एवढंच. बाकी सगळं पैसे घालवून शिकलेय.

इथे मी फक्त १९६५ आणि १९६६ च्या मस्टँगबद्दल बोलतेय. त्यानंतरच्या गाड्यांची अंगं वेगळी, दुखणीही वेगळी.

आधी हे समजून घ्या की ही गाडी कधीच राजा-महाराजांची नव्हती. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये फोर्डने ती दाखवली तेव्हा किंमत होती २,३६८ डॉलर, आणि आत सगळा मालमसाला फोर्डच्याच फाल्कन नावाच्या साध्यासुध्या संसारी गाडीचा. लांब बॉनेट, आखूड डिकी, वरून झकास कपडे आणि आत तेच रोजचं वरणभात. पहिल्या वर्षभरात ४ लाख १८ हजारांवर गाड्या खपल्या. ऑप्शनची यादी एवढी मोठी की ऑफिसला जाणारी मुलगी सहा सिलिंडरची घ्यायची आणि शेजारचा रेसचा वेडा व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरची घ्यायचा, लांबून दोघांची गाडी सारखीच दिसायची. मला वाटतं लोकांच्या मनातून ही गाडी जात नाही त्याचं कारण हेच आहे, ती कोणाच्या तरी काकाकडे, मावशीकडे, शेजाऱ्याकडे होतीच. आणि म्हणूनच आज सुद्धा ती आपल्यासारख्याला झेपते, कारण एवढ्या बनल्या की पार्ट सगळे मिळतात, अगदी दाराच्या रबरापासून ते अख्ख्या नव्या पत्र्याच्या बॉडीपर्यंत.

म्हणून पहिला सल्ला, साधी घ्या. १९६५ आणि ६६ मिळून १२ लाख ८८ हजार मस्टँग बनल्या, त्यातल्या १० लाखांवर हार्डटॉप (साधं पक्कं छप्पर, मागे वेगळी डिकी) आहेत, म्हणजे दर पाचात जवळजवळ चार. फास्टबॅक (छप्पर मागे उतरत जाणारी) दोन्ही वर्षं मिळून सव्वा लाखाच्या आत, कन्व्हर्टिबल (कापडी छप्पर उघडणारी) पावणेदोन लाखांच्या आसपास. बाजारात सगळ्यांना फास्टबॅकच हवी असते, त्यामुळे तिचा भाव आभाळाला, आणि तेवढ्याच पैशात हार्डटॉप घेतलीत तर गाडी येऊन वर दोन वर्षांचं रिपेअरिंग सुटतं. कन्व्हर्टिबल दिसायला लई भारी पण पहिली गाडी म्हणून नको. छप्पर नसल्यामुळे सगळा ताण खालच्या पत्र्यावर येतो, तो गंजला की गाडी मधून वाकते, दार उघडलं की परत लागत नाही. ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी दोन्ही दारं उघडून-लावून बघा आणि दाराच्या फटी वर-खाली सारख्या आहेत का बघा.

इंजिनचं म्हणाल तर २०० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडर, १२० हॉर्सपॉवर, हे गरीब गाय आहे. पळत नाही पण मरतही नाही, आणि बॉनेट उघडलं की इंजिनच्या दोन्ही बाजूला हात घालायला एवढी जागा की रविवारी सकाळी काम करताना बोटं सोलत नाहीत. २८९ क्युबिक इंचाचं व्ही-एट, दोन बॅरल (म्हणजे हवा-पेट्रोलच्या दोन नळ्यांच्या) कार्बोरेटरवालं, २०० हॉर्सपॉवर, माझ्याकडे आहे, आणि मला विचाराल तर हेच घ्या. त्याच्या वर चार बॅरलचं २२५ चं आणि सगळ्यात वर २७१ हॉर्सपॉवरचं के कोडवालं. के कोड असेल तर भाव भलताच असतो, म्हणून तो खरा आहे का हे ओळखता आलं पाहिजे, आणि त्यासाठी गाडीवर ठोकलेला फॅक्टरीचा नंबर वाचायला शिका.

नंबर वाचणं

ड्रायव्हरच्या बाजूला बॉनेट उघडून मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर नंबर ठोकलेला असतो. दारावर पण एक पत्र्याची पट्टी असते पण ती रिव्हेटवर असते, नवीन बनवून मिळते, तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, आतला आणि दारावरचा जुळतो का एवढंच बघायचं. माझ्या गाडीचा नंबर सुरू होतो ६टी०७सी असा. ६ म्हणजे १९६६. ०७ म्हणजे हार्डटॉप (०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक). सी म्हणजे दोन बॅरलचं २८९. इंजिनच्या जागी टी असेल तर सहा सिलिंडरचं २००, ए असेल तर चार बॅरल, के असेल तर के. यू, एफ किंवा डी दिसलं तर गाडी अगदी सुरुवातीच्या काही महिन्यांतली, जिला हौशी लोक साडेचौसष्टची म्हणतात. कागदावर ती ६५ चीच असते, पण त्यात अल्टरनेटरच्या ऐवजी आपल्या जुन्या ॲम्बॅसॅडरसारखा डायनमो असतो.

राहिलं ते दुसरं अक्षर. ते कारखान्याचं. एफ म्हणजे डेट्रॉइटजवळचं डिअरबॉर्न, आर म्हणजे कॅलिफोर्नियातलं सॅन होजे, आणि टी म्हणजे मेटुचेन, न्यू जर्सी. आता इथे मला थांबावंच लागतं. मेटुचेन प्लांट नाव असलं तरी कारखाना होता एडिसन गावात, रूट १ वर. त्याच एडिसनमध्ये, जिथे ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत आपण पोहे, हिंग आणि दिवाळीचं उटणं आणायला जातो. २००४ ला तो बंद झाला, आता तिथे दुकानं आहेत आणि लोक गोल्फचे चेंडू मारतात. आणि सॅन होजेवाला कारखाना खरं तर मिल्पिटासमध्ये होता, त्याचा आता मोठा मॉल झालाय, तिथल्या बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या मराठी लोकांनी तिथे नक्की चपला घेतल्या असतील. म्हणजे तीनपैकी दोन मस्टँगची जन्मगावं आज आपल्या लोकांनी भरलेली आहेत आणि आपल्याला पत्ताच नसतो. मी जेव्हा टी चा अर्थ कळल्यावर बाबांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मग माहेरवाशीणच की ती!" तेव्हापासून गाडीला घरात माहेरवाशीण म्हणतात.

असो. नंबरात टी इंजिन आहे आणि बॉनेटखाली व्ही-एट बसलंय, असं खूप वेळा दिसतं. ते वाईटच असं नाही, पण चाकाचे नट मोजा. फॅक्टरीची सहा सिलिंडर गाडी असेल तर चाकाला ४ नट, व्ही-एट असेल तर ५. इंजिन व्ही-एटचं आणि चाकं ४ नटांची म्हणजे कोणीतरी नुसतं इंजिन टाकलंय आणि ब्रेक ड्रम, मागची ॲक्सल वगैरे गरीब गाईचीच ठेवलीय. तसली गाडी जोरात पळते आणि थांबताना देव आठवतो. अजून एक, १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांची फॅक्टरीची नोंद पैसे भरून मागवता येते, पण ६५-६६ ची तशी नोंद उपलब्ध नाही. त्यामुळे "ही ओरिजिनल जीटी (म्हणजे फॅक्टरीतूनच स्पोर्टी पॅकेज घेतलेली) आहे" असं कोणी सांगितलं तर गालातल्या गालात हसा आणि पुढचं बघा, पट्टे आणि बिल्ले कोणीही चिकटवतं.

पाण्याची बाटली

आता मुद्द्याचं, आणि हेच मी चुकले होते. माझी पहिली मस्टँग ही नव्हे. पहिली होती ६५ ची लालभडक, पेनसिल्व्हेनियातून आणलेली, रंग असा की त्यात बघून टिकली लावावी. विकणाऱ्याने चहा सुद्धा पाजला. घरी आणली आणि पहिल्या पावसात माझे सॅंडल भिजले, गाडीच्या आत. नवरा म्हणाला ओल्या मोज्याचा वास येतोय, मी म्हटलं जुन्या गाड्यांना येतोच. येत नसतो! कार्पेट उचललं तर खाली जाळी झाली होती, पत्रा नव्हताच, फायबरचा कपडा आणि वरून डांबरासारखं काळं काहीतरी फासलेलं. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ते एवढंच बोलले, "पोरी, रंग काय कुणीबी मारतंय. पत्रा बघायचास की."

कारण असं आहे. काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे, जाळीसारख्या फटी असतात, तिथून ताजी हवा आत येते. त्या फटींच्या खाली एक पोकळ पेटी आहे, तिला काउल म्हणतात, आणि तिच्यात दोन्ही बाजूला हवेच्या भोकांभोवती टोप्यांसारखे उभे काठ आहेत. पाऊस पेटीत पडतो, काठामुळे भोकात शिरत नाही आणि बाजूने पुढच्या चाकांच्या मागे गळून जातो. डिझाइन ठीकच होतं, पण पेटीच्या आत रंग नीट पोचायचा नाही, साठ वर्षं झाडाची पानं त्यात पडून कुजली, ओल धरली, टोप्या गंजून गेल्या. आता पाणी सरळ तुमच्या पायावर. आणि ही पेटी बाहेरून काढता येत नाही, पुढचे मडगार्ड आणि बॉनेट उतरवून ढीगभर स्पॉट वेल्ड ड्रिलने फोडावे लागतात, मग आत नवा पत्रा, मग परत सगळं वेल्डिंग. पार्ट स्वस्त आहे, मजुरी मारून टाकते.

म्हणून गाडी बघायला जाताना एक-दोन लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या न्यायच्या. विकणाऱ्याला आधी विचारायचं, काउल तपासू का. नाही म्हणाला तर नमस्कार करून निघायचं, उत्तर मिळालं. हो म्हणाला तर पुढे दोन्हीकडचं कार्पेट उचलायला सांगा, एकाला टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली मान घालून झोपवा (मी नवऱ्याला झोपवते), आणि एका बाजूच्या फटीत हळूहळू बाटली ओता, मग दुसऱ्या बाजूला. पाणी बाहेर चाकामागे पडलं की देव पावला. आत थेंब आला की तेवढे हजार डॉलर भावातून कमी करा किंवा घरी या. हिटर पॅसेंजरच्या बाजूला असल्यामुळे तिकडे थेंब उशिरा येतो, पाच मिनिटं थांबा, घाई करू नका.

बाकीच्या गंजाच्या जागा पटापट सांगते. बॅटरी पॅसेंजरच्या बाजूला पुढे असते, तिच्याखालचा पत्रा ॲसिडने खाल्लेला असतो, तो बदलता येतो, त्याचं टेन्शन नको. मागच्या मडगार्डचा खालचा भाग आणि डिकीचे कोपरे बघा. घरातलं फ्रिजवरचं मॅग्नेट रुमालात गुंडाळून फिरवा, माझ्याकडे अंबाबाईचं आहे, ती बरोबर सांगते कुठे पत्रा आहे आणि कुठे नुसती लांबी (पुटी) भरलीय. गाडी जॅकवर नाही, लिफ्टवर घेऊन बघा, आणि पुढच्या-मागच्या चेसीच्या दांड्या, त्यांना जोडणारे पेटीसारखे भाग, यांच्यावर जुनी वेल्डिंग आहे का बघा. बॉनेटखाली दोन्ही बाजूला स्प्रिंगचे उंच टॉवर दिसतील, त्यांना तडे गेलेत का, कोणी वरून पट्टी मारून लपवलंय का ते बघा. जमिनीचा, म्हणजे फ्लोअरचा पत्रा गेलेला असला तर घाबरू नका, तो सोपा. टॉवर आणि चेसी गेली असेल तर ती गाडी दुसऱ्याला लखलाभ.

आमच्या अमेरिकेच्या ईशान्येकडच्या गाड्यांनी रस्त्यावरचं मीठ खाल्लेलं असतं, त्यामुळे लोक कॅलिफोर्निया-ॲरिझोनाची गाडी मागवतात. चांगली कल्पना आहे, पण तिकडे उन्हाने डॅशबोर्ड, सीट आणि रबरं फुटलेली असतात. ते खर्च वेगळे, पण पत्र्यापेक्षा बरेच कमी. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना एक फायदा, १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग टेस्ट नाही.

चालवून बघताना

पहिल्यांदा बसलात की हसू येईल, स्टेअरिंग थाळीएवढं आणि बारीक, आणि जरा फिरवलं तर काहीच होत नाही. थोडा प्ले असणारच, पण चाक सरळ ठेवायला सारखं इकडेतिकडे करावं लागत असेल तर स्टेअरिंगचं बॉक्स किंवा खालचे सांधे गेलेत. ब्रेकचं मात्र मी हात जोडून सांगते. ६५-६६ मध्ये ब्रेकचं मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) एकाच सर्किटचं, म्हणजे चारपैकी कुठल्याही एका चाकाजवळ पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले, पेडल फ्लोअरला. ६७ पासून डबल आलं. त्यामुळे कोणी कितीही ओरिजिनल ओरिजिनल म्हणून डोकं खाल्लं तरी गाडी घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे डबल सर्किटचं मास्टर सिलिंडर, आणि जमलं तर पुढे डिस्क ब्रेक. बोल्ट लावून बसतात, गाडीचा अंगभूत काही भाग कापायला लागत नाही, जुने पार्ट डब्यात घालून ठेवा म्हणजे विकताना देता येतील. खांद्यावरचे बेल्ट पण घाला, फॅक्टरीतून फक्त कमरेचे होते. आणि मागे पेट्रोलची टाकी आहे ना, तिचा वरचा पत्रा म्हणजेच डिकीचा तळ. त्यावर गॅस सिलिंडर, पत्र्याचे डबे असलं काही आदळू नका.

विम्याबद्दल एवढंच, साध्या पॉलिसीत घेऊ नका, ती कंपनी साठ वर्षांची गाडी भंगार धरते. जुन्या गाड्यांची वेगळी पॉलिसी मिळते, त्यात आधीच ठरलेली रक्कम लिहून घ्यायची, म्हणजे गाडी गेली तर तेवढे पैसे हातात, घसारा वगैरे नाही. बहुतेक ठिकाणी अट असते की रोजच्या वापराला दुसरी गाडी हवी. न्यू जर्सीत २५ वर्षांवरच्या गाडीला हिस्टॉरिक नंबर प्लेट मिळते, पण ती शो आणि परेडसाठी, त्या प्लेटवर रोज ट्रेन स्टेशनला जायचं नाही.

घरी आणल्यावर

सुरू करायची पद्धत लोकांना माहीतच नसते, आणि मग म्हणतात बॅटरी गेली. थंड इंजिन असेल तर ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा, त्याने चोक बसतो आणि थोडं पेट्रोल आत जातं, मगच किल्ली. पाचसहा वेळा पंप मारलात तर इंजिन पेट्रोल पिऊन फुगतं आणि पंधरा मिनिटं वाट बघा. गरम इंजिन असेल तर पेडलला हातच, सॉरी पायच लावायचा नाही. पेट्रोल कुठलं म्हणाल तर दोन बॅरलच्या २८९ ला साधं चालतं, चार बॅरलवाल्याचं कॉम्प्रेशन जास्त आहे, तिला प्रीमियम द्या. आजकालच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनी रबरी नळी खाऊन टाकतं, त्यामुळे सगळ्या पेट्रोलच्या नळ्या नव्या घाला, हे काम शंभर डॉलरच्या आत होतं आणि आगीपासून वाचवतं. ऑइल घेताना झिंक जास्त असलेलं घ्या, त्या काळच्या कॅमशाफ्टला ते लागतं, नव्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी केलंय.

प्लगला ठिणगी देणारे जुने पॉइंट आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घाला असं सगळे सांगतात आणि मीही घातलंय, पण जुने पॉइंट डिकीत ठेवलेत. व्ही-एटला पॉइंटची गॅप १७ थाउ, म्हणजे ०.०१७ इंच, सहा सिलिंडरला २५. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन पहिल्यांदा मी ती सेट केली तेव्हा बाबा कॅमेऱ्यातून कोल्हापुरातून बघत होते, तिथे रात्रीचे साडेबारा वाजलेले, आणि इंजिन लागलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. आणि प्लगच्या वायरी काढल्यात तर आधी फोटो काढा. २८९ ची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळायचा क्रम, १-५-४-२-६-३-७-८ अशी आहे, मी ती गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलीय, शेजारी मुलीने रांगोळी काढलीय.

पंपावरचं सांगायचं राहिलं. न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे, भरणारा माणूस येतो. तो येतो आणि गाडीच्या डाव्या बाजूला जातो, मग उजव्या बाजूला, मग माझ्याकडे बघतो. झाकण मागे बरोबर मधोमध आहे, घोड्याचं चित्र आहे तेच. हळू भरा म्हणून सांगा, नाहीतर उलटं उडतं आणि रंगावर सांडतं. तिथे दर वेळी दहा मिनिटं जास्त धरा, कारण कोणीतरी म्हातारा येऊन त्याच्या कॉलेजातल्या मस्टँगबद्दल बोलणारच, आणि घाई असेल तर त्या दिवशी दुसरी गाडी घेऊन जा.

थंडीचं शेवटी. नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर मीठ पडायच्या आधी गाडी आत घ्या. टाकी भरून ठेवा, त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) घाला, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल. बॅटरीला मेंटेनर लावा. टायरमध्ये हवा थोडी जास्त. ऑइल थंडीच्या आधी बदला, नंतर नको, कारण जुन्या ऑइलमधलं ॲसिड चार महिने बेअरिंगला चाटत बसतं. आणि सायलेन्सरच्या तोंडात, एअर क्लीनरच्या नळीत तारेची जाळी कोंबून वर लाल रिबन बांधा, उंदरांसाठी. मागच्या वर्षी मी सायलेन्सरला बांधली आणि एअर क्लीनरला विसरले. एप्रिलमध्ये झाकण उघडलं तर आत व्यवस्थित विणलेलं घरटं, सीटमधला कापूस, माझ्या ओढणीचा एक तुकडा आणि ओक ट्री रोडच्या दुकानाची अर्धी पावती. म्हणून किल्ली फिरवायच्या आधी ते झाकण उघडा, एकच नट आहे, हाताने निघतो.